हिमशिखरांचा पॅनोरमा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही जानेवारीत उत्तराखंडातल्या औलीला जाणार आहोत. मागच्या हिवाळ्यात हिमाचलात काढलेल्या फोटोंमध्ये बर्फ करडा आला आणि पाच-सहा फोटो जोडून केलेल्या पॅनोरमात आकाशाला निळ्या छटांचे पट्टे पडले. कॅमेऱ्यात काही दोष असेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कॅमेऱ्यात दोष नसावा, कारण तुम्ही सांगता ते दोन्ही प्रकार व्यवस्थित चालणाऱ्या कॅमेऱ्यातही हमखास घडतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरून एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवतो. नाशिकच्या डोंगर-शेतांसाठी हा अंदाज बहुतेक वेळा चालून जातो, मात्र चौकटीचा मोठा भाग उन्हातल्या बर्फाने व्यापलेला असला की मीटर त्या शुभ्रतेलाही करडेपणाकडे खेचतो. त्यामुळे मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिक एक्स्पोजर द्यावे आणि मग हिस्टोग्रॅम, म्हणजे डावीकडे काळा व उजवीकडे पांढरा असा उजेडाचा आलेख, पाहावा. आलेखाचा डोंगर उजव्या कडेच्या जवळ सरकलेला असावा, पण कडेला चिकटून कापला गेलेला नसावा, कारण एकदा पांढऱ्यात बुडालेला बर्फाचा पोत नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. चकाकत्या उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र फसवे दिसते, तेव्हा भरवसा आलेखावरच ठेवावा. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर काही पडदे काळेच दिसतात, म्हणून पडदा पाहण्यापुरता तो वर सरकवावा; मात्र उघड्या डोळ्यांनी बर्फाकडे फार वेळ पाहू नये.

आकाशातल्या पट्ट्यांची कारणे निरनिराळी असतात आणि पट्ट्याच्या स्वरूपावरून ती ओळखता येतात. प्रत्येक जोडावर आकाशाची छटा पायरीसारखी बदलत असेल, तर कॅमेरा ऑटोवर राहिला होता आणि प्रत्येक चौकटीचे एक्स्पोजर त्याने वेगळे ठरवले. आकाशाच्या एकाच भागात गडद डाग असून तो दोन्हीकडे हळूहळू फिका होत असेल, तर लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, होता. आकाशाचा उजेड सूर्यापासून नव्वद अंशांच्या दिशेला सर्वाधिक ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, त्यामुळे रुंद चित्रात पोलरायझरचा परिणाम सारखा पडूच शकत नाही. उंचावरचे आकाश मुळातच गडद निळे असते. पॅनोरमासाठी तो फिल्टर काढून ठेवलेलाच बरा. जोडाजोडाला हलकी सावली दिसत असेल, तर लेन्सचे कोपरे काळवंडत आहेत असे समजावे आणि लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-८ च्या आसपास ठेवावे.

या सगळ्यावर उपाय एकच : पहिली चौकट घेण्याआधी सर्व काही ठरवून टाकावे. संपूर्ण रांगेवरून एकदा कॅमेरा फिरवून सर्वांत उजळ भाग शोधावा, त्यावरून एक्स्पोजर मॅन्युअलमध्ये कायम करावे, दूरच्या शिखरावर फोकस करून ऑटोफोकस बंद करावा आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून उन्हाच्या सेटिंगवर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर, ठेवावा. सावलीतला बर्फ निळसर येईल, पण तो खरोखरच निळसर असतो. त्याच्यावर उजेड निळ्या आकाशाचाच पडलेला असतो. ती निळाई पूर्ण घालवणारे लोक मला पटत नाहीत. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, काढावेत आणि मालिकेच्या आधी व नंतर लेन्ससमोर तळहात धरून एकेक चौकट टिपावी. घरी शेकडो सारख्याच फोटोंतून मालिका कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे शोधताना त्याचे मोल कळते.

औलीबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि द्रोणागिरी ही शिखरे तेथून पूर्वेच्या बाजूला आहेत, आणि जानेवारीत सूर्य आग्नेयेकडे उगवतो. म्हणजे सूर्योदयाला शिखरांच्या फक्त काळ्या आकृती मिळतात, आणि त्यांच्या अंगावर ऊन येते ते दुपारनंतर. पहाटे उठून थंडीत कुडकुडण्याचा हट्ट असेल तर तो तुंगनाथच्या वरच्या चंद्रशिलेसाठी राखावा, कारण तेथून चौखंबा शिखर उत्तरेला दिसते आणि सकाळचे तिरके ऊन बाजूने येऊन त्याच्या घड्या उठावदार करते.

प्रश्न : माझ्याकडे लहान (एपीएस-सी) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आणि १८–५५ मिलिमीटरची लेन्स आहे. पॅनोरमासाठी अतिरुंद लेन्स आणि ट्रायपॉडवर बसवायचे खास फिरते डोके विकत घ्यावे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोन्हींची गरज नाही. अतिरुंद लेन्समध्ये सात हजार मीटरचे शिखरही उंबरठ्याएवढे दिसते आणि उरलेल्या चौकटीत नुसते आकाश व पायाखालचा बर्फ भरतो. तुमची लेन्स ३५ मिलिमीटरवर ठेवावी, कॅमेरा उभा धरावा आणि प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीचा सुमारे तीस टक्के भाग पुन्हा घ्यावा. या स्थितीत एका चौकटीत साधारण पंचवीस अंशांचा देखावा मावतो, म्हणून एकशेवीस अंशांसाठी सात चौकटी लागतात. जोडलेले चित्र कडा कापल्यावरही सुमारे २०,००० पिक्सेल रुंद राहते, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने साडेपाच फूट रुंदीची छपाई होते. जोडण्यासाठी हगिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात सिलिंड्रिकल (नळकांड्याच्या आतल्या पृष्ठभागावर चित्र पसरल्यासारखी) मांडणी निवडावी.

फिरत्या डोक्याचा उपयोग जवळची वस्तू चौकटीत असेल तेव्हाच होतो. चार फुटांवर देवदाराची फांदी किंवा कठडा असेल, तर कॅमेरा फिरवताना ती वस्तू मागच्या शिखरासमोर सरकते आणि जोड जुळत नाही. सर्वांत जवळची वस्तू शंभर मीटर लांब असेल तर हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरियो सेल्ला यांनी १९०९ साली ड्यूक ऑफ अब्रुझी यांच्या मोहिमेबरोबर काराकोरममध्ये जाऊन स्वतंत्र चित्रे जोडून पॅनोरमा तयार केले होते, तेही संगणकाशिवाय. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या ट्रायपॉडवर करावेत. भुसभुशीत बर्फात त्याचे पाय आधी थोडे कमी फाकवून दाबावेत, कारण पूर्ण फाकवलेले पाय खाली रुतताना आणखी पसरू पाहतात आणि सांध्यावर ताण येतो. ट्रायपॉडची पातळी त्यावरच्या बुडबुड्यावर पाहून घ्यावी, नाहीतर जोडलेली रांग एका बाजूला चढत जाते.

प्रश्न : जाण्यापूर्वी येथेच सराव करता येईल का? आमच्याकडे बर्फ कोठून आणायचा?
— एक वाचक, निफाड

उत्तर : थंडी तर निफाडकरांना कमी नाही, नसेल तो फक्त बर्फ. जोडकामाच्या सरावाला सातमाळा रांगेसारखी जागा नाही. वणीच्या बाजूने उत्तरेकडे पाहिले की अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि धोडप डावीकडून उजवीकडे ओळीने उभे राहतात. चित्राची दोन्ही टोके कोठे संपवायची याचा निर्णय येथेच शिकावा. रांग मधेच कापल्यासारखी दिसू नये, उतार जमिनीला टेकतो तेथे चौकट थांबावी. बर्फाच्या एक्स्पोजरसाठी गच्चीवर दुपारच्या उन्हात पांढरी चादर सुरकुत्यांसह वाळत घालावी, तिने चौकट भरावी आणि सुरकुत्या दिसतील पण कापड करडे होणार नाही असे एक्स्पोजर शोधावे.

प्रश्न : फक्त मोबाइल असेल तर?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मोबाइल उभा धरावा, बर्फावर बोट दाबून ठेवून फोकस व उजेड कायम करावेत आणि हात लांब न फिरवता स्वतःच्या जागीच वळावे. वाऱ्याने उडणारे बर्फकण आणि चालती माणसे चौकटीत असतील तर जोड बिघडतो, थोडे थांबावे.

प्रश्न : थंडीत कॅमेरा सांभाळायचा कसा?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : थंडीत लिथियम-आयन बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही लवकर संपल्यासारखी वागते. जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. कॅमेऱ्यातली बॅटरी दमली की तिला खिशात घालून दुसरी लावावी, थोड्या वेळाने पहिली पुन्हा बरीच चालते. बोटांसाठी पातळ हातमोज्यावर जाड मोजा घालावा, आणि कॅमेऱ्यात डोकावताना श्वास बाजूला सोडावा, नाहीतर मागच्या काचेवर तो गोठतो.

खरे नुकसान खोलीत परतल्यावर होते. थंडगार लेन्सवर आणि आतल्या भागांवर गरम दमट हवेतील बाष्प जमते. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे तास-दोन तास, पिशवी उघडू नये. फोटो पाहण्याची घाई असेल तर मेमरी कार्ड पिशवी बांधण्याआधीच काढून घ्यावे.