स्टुडिओ ५००० (कारखान्यातल्या यंत्रांचे कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, प्रोग्राम करायचं रॉकवेलचं सॉफ्टवेअर) मधला क्रॉस-रेफरन्स रिपोर्ट, म्हणजे कोणता टॅग (नाव दिलेली मेमरीतली जागा) कुठे वापरलाय याची यादी, प्रत्येक बदलानंतर आपोआप कशी काढायची?

प्रोजेक्ट एल५एक्स फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. ती साधी एक्सएमएल फाइल असते. मग पायथनने लॅडरच्या (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रामच्या) प्रत्येक ओळीचा मजकूर वाचा. तो असा दिसतो: एक्सआयसी(स्टार्ट_पीबी)ओटीई(मोटर_१). कंसाबाहेर इन्स्ट्रक्शन, आत टॅग. एक्सआयसी टॅग वाचतं, ओटीई त्यात लिहितं. टॅग, प्रोग्राम, रूटीन, ओळ क्रमांक सीएसव्हीत टाका. एकाच टॅगवर दोन ओटीई बसलेले असले तर तेही लगेच दिसतं, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तरी हा खटाटोप करावाच.

खरी मेख एलियसमध्ये, म्हणजे टॅगला दिलेल्या दुसऱ्या नावात, आहे. एलियसचा मूळ पत्ता जोडला नाहीत, तर एकच इनपुट दोन नावांनी विखुरलेला दिसेल. ॲरेचा इंडेक्स टॅगवरून ठरत असेल, तर नेमका कोणता घटक ते फाइलवरून कळत नाही. त्या ओळी वेगळ्या काढून हातानेच तपासा.