झोप, दुखरी टाच आणि वय यांसाठी पेप्टाइडची इंजेक्शनं घ्यावीत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय ४३, पुण्यात आयटीत नोकरी, हाफ मॅरेथॉन धावता, बरेच महिने टाचेमागचा ॲकिलीस टेंडन दुखतोय, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जिमच्या ट्रेनरने 'स्टॅक', म्हणजे एकत्र घ्यायच्या पेप्टाइडचा संच, सुचवलाय. दुखण्यासाठी बीपीसी-१५७ आणि टीबी-५००, रात्री झोपताना सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन. वर 'यानं वयही मागे जातं' असं आश्वासन. घ्यावं का, आणि घ्यायचंच तर सुरक्षितपणे कसं, हे तुम्हाला हवंय.

घेऊ नका. मी डॉक्टर नाही, औषधनिर्मितीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करतो आणि पेप्टाइडच्या बॅच तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे शरीरापेक्षा व्हायलबद्दल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटलीबद्दल, मी जास्त अधिकाराने बोलू शकतो, आणि या धंद्यात नेमकं व्हायलबद्दलच कुणी बोलत नाही.

पेप्टाइड या नावाला मात्र बिचकू नका. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचीच ही छोटी साखळी. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा साखर थोडीशीच उतरली आणि टोचलं तिथे गळू झालं. अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो दिवसरात्र खपून शुद्ध केला आणि १२ दिवसांनी तेच औषध पुन्हा दिलं, तेव्हा मुलगा सावरला. रेणू तोच, रुग्ण तोच. फरक होता तो शुद्धतेचा. हल्ली वजनासाठी गाजणारं सेमाग्लूटाइडही पेप्टाइडच आहे, पण त्याच्यामागे हजारो माणसांवरच्या चाचण्या आहेत आणि त्रास काय होऊ शकतो ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. ट्रेनरच्या यादीतल्या चारही नावांच्या मागे असा कागद नाही.

बीपीसी-१५७ घ्या. १५ अमिनो आम्लांची साखळी, जठररसातल्या एका प्रथिनाचा तुकडा म्हणून सांगितली जाते. तिच्यावरचं बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाचं, आणि मुख्यतः उंदरांवरचं. उंदराचा कापलेला टेंडन लवकर जुळतो, आतड्याची जखम भरते, निष्कर्ष छानच आहेत. माणसांवरचे प्रकाशित अभ्यास मात्र बोटांवर मोजण्याइतके, अगदी छोटे आणि तुलनेचा गट नसलेले. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या टप्प्याच्या एका चाचणीची नोंद झाली होती. तिचे निकाल प्रकाशित झालेच नाहीत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये हे द्रव्य, फार्मसीने स्वतः मिसळून देऊ नये अशा यादीत टाकलं. आणखी एक गोष्ट मनात ठेवा: उंदरांत ते जखम भरतं त्याचं एक कारण नव्या रक्तवाहिन्या फुटणं हे मानलं जातं. रक्तवाहिन्या गाठीलाही लागतात. चाळिशीनंतर शरीरात कुठे काय दडलंय हे माहीत नसताना हा विचार मला तरी अस्वस्थ करतो.

आता व्हायल. तुम्ही लिहिलंय की विक्रेत्याने '९९ टक्के शुद्ध' असं सर्टिफिकेट पाठवलं. ते बहुधा एचपीएलसीचं असतं. या तपासणीत पदार्थ एका नळीतून पुढे जातो आणि अतिनील प्रकाश शोषणारे घटक आलेखावर शिखरं म्हणून दिसतात. ९९ टक्के याचा अर्थ एवढाच की जे दिसलं, त्यातलं ९९ टक्के मुख्य शिखरात आहे. ते शिखर तुम्हाला हव्या त्याच पेप्टाइडचं आहे का, यासाठी वस्तुमान वेगळं मोजावं लागतं. जे या प्रकाशात दिसतच नाही ते हिशोबात येतच नाही: पाणी, क्षार, जड धातू आणि सगळ्यात वाईट म्हणजे एंडोटॉक्सिन, म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे अवशेष. निवडलेल्या तांदळात खडा नाही एवढंच हे सर्टिफिकेट सांगतं; पोत्यावरून उंदीर फिरला होता का, ते नाही.

एंडोटॉक्सिन पोटात गेलं तर सहसा फारसं काही होत नाही. रक्तात गेलं तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळू शकतो. उकळून ते जात नाही, जिवाणू अडवणाऱ्या साध्या फिल्टरनेही जात नाही. म्हणून इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचची त्यासाठी वेगळी तपासणी करतात, पारंपरिक पद्धतीत नालखेकड्याच्या रक्तापासून केलेल्या द्रव्याने. निर्जंतुकतेची तपासणी आणखी वेगळी. नमुना पोषक द्रवात १४ दिवस ठेवायचा आणि काही उगवतं का ते बघायचं. हे दोन कागद मागून बघा. 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं लेबल लावून विकणाऱ्याकडे ते नसतात, कारण त्या लेबलाने त्याने ती जबाबदारी आधीच झटकलेली असते. आपल्याकडे औषध आयात करून विकायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मान्यता आणि परवाना लागतो. व्हॉट्सॲपवर भाव सांगून कुरिअरने व्हायल पाठवणाऱ्याकडे तो मागून बघा, गंमत म्हणून.

आणि सिरिंज! याबद्दल मी कुठेच वाचलं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. परदेशी व्हिडिओंमध्ये '१० युनिट ओढा' म्हणतात ते यू-१०० सिरिंजचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला १०० युनिट. आपल्याकडे मेडिकलमध्ये यू-४० इन्सुलिनची सिरिंजही सर्रास मिळते, सहसा लाल टोपणाची. तिच्यात एका मिलिलिटरला ४० युनिट. त्या सिरिंजने १० युनिट ओढलं तर पाव मिलिलिटर आत जातं, म्हणजे व्हिडिओतल्या मात्रेच्या अडीचपट. मधुमेहाच्या रुग्णांना हा घोळ डॉक्टर आणि केमिस्ट समजावून सांगतात. तुमचा ट्रेनर सांगणार आहे का?

झोप आणि वयाकडे येतो, कारण इथला तर्कच मला उलटा वाटतो. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही जोडी तुमच्याच पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हार्मोन जास्त सोडायला लावते. हे हार्मोन वाढलं की तारुण्य परत येतं, या समजाची मुळं १९९० च्या एका छोट्या अभ्यासात आहेत. डॅनियल रडमन यांनी ६१ ते ८१ वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन दिलं. स्नायूंसह चरबीविरहित वजन वाढलं, चरबी घटली. तेवढ्यावर अँटी-एजिंग क्लिनिकांचा अख्खा धंदा उभा राहिला. पुढच्या अभ्यासांत दिसलेल्या सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणं, वाढलेली साखर या गोष्टी जाहिरातीत आल्या नाहीत.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त जगलेला उंदीर कोणता, माहीत आहे? अमेरिकेत अँड्रझे बार्टके यांच्याकडचा. तो जवळपास पाच वर्षं जगला, आठवडाभर कमी. साधा उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. त्या उंदराच्या शरीराला ग्रोथ हार्मोनचा उपयोगच करता येत नव्हता, त्यासाठीचा ग्राहक रेणू, म्हणजे पेशीवर हार्मोन जिथे जोडलं जातं ती जागा, जनुकातूनच काढून टाकला होता. माणसांतही असं उदाहरण आहे. इक्वाडोरच्या डोंगराळ भागात लॅरॉन सिंड्रोम असलेली ठेंगणी माणसं राहतात, त्यांच्यातही हाच ग्राहक रेणू बिघडलेला असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यात मधुमेह आढळला नाही आणि कॅन्सर जवळजवळ नाहीच. ती माणसं इतरांपेक्षा जास्त जगतात असं नाही, अपघात आणि दारूने बरेच जातात. पण हे हार्मोन वाढवून आयुष्य वाढतं म्हणणाऱ्याने आधी या उंदराला उत्तर द्यावं.

तोंडाने घेता येतं म्हणून एमके-६७७ नावाची गोळीही याच कुटुंबात खपवली जाते, रासायनिकदृष्ट्या ती पेप्टाइड नाही तरी. ६५ वृद्धांवर दोन वर्षं झालेल्या अभ्यासात चरबीविरहित वजन वाढलं, ताकद वाढली नाही, उपाशीपोटी साखर मात्र चढली. घरात आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर एवढं पुरे. ट्रेनर नंतर डीएसआयपी हे 'झोपेचं पेप्टाइड' सुचवेल, त्याचीही गोष्ट ऐकून ठेवा: १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी झोपवलेल्या सशांच्या रक्तातून ते वेगळं केलं, नऊ अमिनो आम्लांचं. इतक्या वर्षांत माणसांत त्याचा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही.

तुमच्या शरीरात ग्रोथ हार्मोनचा सगळ्यात मोठा झोत रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत, पहिल्या तासा-दोन तासांत सुटतो, आणि तो फुकट असतो. अमेरिकेशी अकरापर्यंत कॉल, मग जेवण, शनिवारी दोन पेग, असं तुम्हीच लिहिलंय. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात तुटते, आणि तो झोतही दबतो. पहाटे तीनच्या जागेसाठी मी आधी तीन गोष्टी बघेन: दुपारी तीननंतरची कॉफी, ती दारू आणि घोरणं. बायकोला विचारा, तुमचा श्वास मध्येच अडतो का. अडत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा, हल्ली ती घरीही करता येते. यातलं काहीच नसेल तर निद्रानाशासाठीची सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत आहे. जुनाट निद्रानाशाला डॉक्टरांची पहिली शिफारस तीच असते, गोळीची नव्हे. तिला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला चिडचिड होते.

टाचेसाठी तर उत्तर १९९८ पासून तयार आहे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांची पद्धत: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. १५ वेळा, असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. असं सांगतात की आल्फ्रेडसन यांना स्वतःच्या टाचेचं ऑपरेशन हवं होतं, साहेब नको म्हणाले, तेव्हा टेंडन तुटला तर ऑपरेशन करावंच लागेल म्हणून त्यांनी मुद्दाम त्याच्यावर भार टाकायला सुरुवात केली आणि दुखणंच गेलं. तुमचं दुखणं टेंडनच्या मध्यात आहे की हाडाला चिकटतो तिथे, हे आधी फिजिओथेरपिस्टकडून बघून घ्या. हाडाजवळ असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नसते. कंटाळवाणा व्यायाम आहे, बरेच लोक मध्येच सोडतात. 'इंजेक्शनने बरं झालं' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच काळात धावणं कमी केलं होतं, तेही विचारून बघा.

तुम्ही हौशी धावपटू आहात, तरी डोपिंगचे नियम तुम्हालाही लागू होऊ शकतात. बीपीसी-१५७ वर वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची बंदी २०२२ पासून आहे. बाकीची तिन्हीही बंदीच्याच यादीत. ऑस्ट्रेलियात एसेंडन या फुटबॉल क्लबच्या ३४ खेळाडूंवर २०१६ मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडमुळे. टीबी-५०० हा त्याचाच भाऊबंद. खेळाडूंनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या, सगळं नियमात बसतं असं त्यांना सांगितलं होतं. कर्णधार जोब वॉटसनला २०१२ चं ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, सोडावं लागलं. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची, सल्ला कुणाचाही असो.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की मित्राने याच विक्रेत्याकडून सीजेसी घेऊन टोचायला सुरुवातही केली आहे. सीजेसी-१२९५ चा डीएसी हा प्रकार एकदा टोचला की शरीरात निम्मा व्हायलाच सहा ते आठ दिवस लागतात, म्हणजे त्रास झाला तरी औषध लगेच उतरत नाही. त्याला थांबायला सांगा आणि एमडी डॉक्टरांकडे पाठवा. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन वाढलं की रक्तात वाढणारं हार्मोन) या तपासण्या करून घेऊ दे. डॉक्टरांना व्हायलचा फोटो दाखवायचा, लाजायचं नाही. टोचलेल्या जागी लाली पसरत असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, आणि उरलेली व्हायल फेकायची नाही, सोबत न्यायची.