कादंबरीचा शेवट अर्धवट वाटला तर तो लेखकाला जमला नाही की आपल्याला कळला नाही, हे कसं ओळखायचं?

शेवटचं पान वाचलं की लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. तिथे मांडलेला पेच शेवटी कुठेतरी पोचला असेल तर शेवट पुरा आहे, मग पात्रांचं पुढे काय झालं हे सांगितलेलं नसलं तरी चालतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. सुरुवातीला एक तरुण मास्तर परक्या वाडीकडे चालत निघालेला असतो, अखेरीस दुष्काळाने वाडी उठते आणि तोही निघतो. पुढे पाऊस पडला का, माणसं परतली का, यावर अक्षर नाही. पण माणूस गावात रुजतो का, हा मूळ प्रश्न मात्र सुटलेला असतो. सोलापुरात आमच्या वाचकगटात यावर चांगलीच खडाजंगी झाली. शहरातल्यांना वाडी मेली असं वाटलं. सांगोला-माळशिरसकडचे म्हणाले, छे, मेंढरं घेऊन जगायला गेलेत, पाऊसपाणी झालं की येतील माघारी! मला दुसरं वाचन जास्त पटतं, पण पुस्तक दोन्ही पेलतं, आणि चांगल्या मोकळ्या शेवटाची ही खूण आहे. फसलेल्या शेवटाबद्दल असे दोन तट पडत नाहीत, सगळे एकसुरात ‘गुंडाळलं’ म्हणतात. अर्थात रहस्यकथेला ही सवलत नाही. तिथे खुनी कोण हे सांगायचं राहिलं तर दोष लेखकाचाच.