‘आय ॲम थिंकिंग’ म्हटलं तर काय बिघडतं?

प्रश्न असा: मत सांगताना ‘आय ॲम थिंकिंग ही इज राइट’ चालेल का?

नाही. मत ही चालू क्रिया नव्हे, मनाची स्थिती आहे; म्हणून ‘आय थिंक ही इज राइट’. ‘बिलीव्ह’चंही तसंच. विचार खरोखर डोक्यात घोळत असेल तरच ‘आय ॲम थिंकिंग अबाउट द जॉब’.

आपल्या बेळगावकडं खरी गोची वेगळीच. मराठीत ‘मला वाटतं’, कन्नडमध्ये ‘ननगे अनिसुत्तदे’. दोन्हीकडं मत आपसूक ‘मला’ येऊन भेटतं. इंग्रजीत ‘आय’लाच कर्ता होऊन पुढं यावं लागतं. त्यामुळं घरी दोन्ही भाषा येणारी पोरंही इथं अडखळतात.

आणि नकाराची जागा! खानापूर स्टँडवर तासभर ताटकळल्यावर आपण म्हणतो, ‘मला वाटतं बस येणार नाही.’ इंग्रजीत नकार बहुधा आधीच येतो: ‘आय डोंट थिंक द बस विल कम.’ ‘आय थिंक द बस वोंट कम’ चूक नाही, पण जरा ठासून सांगितल्यासारखं वाटतं. ‘होप’ मात्र उलटा गडी: ‘आय होप इट वोंट बी लेट’ म्हणायचं, ‘आय डोंट होप’ नाही.