गुण ऐंशीच्या वर, तरीही ‘मला सायन्स जमणार नाही’

‘‘मॅडम, विज्ञानात हिला नेहमी ऐंशीच्या वर गुण असतात, तरी ‘दहावीनंतर सायन्स नको, मला ते जमणार नाही’ असंच म्हणते. आम्ही आग्रह धरावा की सोडून द्यावं?’’ आठवीतल्या मुलीच्या आईने विचारलेला हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि बहुतेक पालक तो आवडीचा प्रश्न म्हणूनच मांडतात. माझ्या अनुभवात तो आवडीचा क्वचितच असतो. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलीशी स्वतंत्रपणे बोलताना विज्ञान आवडते का, हे मी विचारलेच नाही, कारण या प्रश्नाला मुले मोठ्यांना हवे असलेले उत्तर देतात. त्याऐवजी प्रयोगाच्या मागच्या तासाला गटातल्या कोणी काय केले, ते क्रमाने सांगायला सांगितले. दोन मुलांनी तारा जोडल्या, तिसऱ्याने मापे घेतली, एका मुलीने साहित्य आणून दिले आणि हिने निरीक्षणे लिहिली, कारण ‘‘माझं अक्षर चांगलं आहे.’’ त्याआधीच्या प्रयोगालाही वही हिच्याकडेच होती. विद्युत परिपथाची आकृती ती डोळे मिटून काढू शकत होती, पण परिपथ तिने स्वतःच्या हाताने एकदाही जोडला नव्हता. तिला कोणी मनाई केली नव्हती. उलट अक्षराचे कौतुक होत होते, आणि त्या कौतुकानेच तिला साहित्यापासून दूर ठेवले होते.

अमेरिकेतील मुलांवर झालेला आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी अशा पालकांना आवर्जून सांगते. ‘अतिशय हुशार’ व्यक्ती कोण असेल, असे विचारल्यावर पाच वर्षांचे मुलगे जितक्या प्रमाणात पुरुषाकडे, तितक्याच प्रमाणात त्या वयाच्या मुली आपल्यासारख्या बाईकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र ते प्रमाण घटले होते. शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात, हे त्याच मुली मान्य करत होत्या. गुण मिळवणे वेगळे आणि हुशार असणे वेगळे, अशी फारकत इतक्या कोवळ्या वयात होत असेल, तर आठवीतल्या गुणपत्रिकेने मुलीचा स्वतःवर विश्वास बसेल, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

पुढच्या भेटीत मी टेबलावर दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी, एक छोटा रेझिस्टर आणि तारा ठेवल्या. वडीलही बसले होते. मुलीने काही विचारल्याशिवाय बोलायचे नाही, एवढीच अट त्यांना घातली होती. तिने एक सेल जोडला, दिवा लागला नाही. ‘‘बघा, मी म्हटलं होतं ना,’’ ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने एलईडीचे पाय उलटे करून पाहिले, तरीही काही नाही. वडिलांचा हात पुढे आला, ‘‘अगं, दे इकडे,’’ आणि माझ्याकडे पाहून मागे गेला. मग तिने दुसरा सेल पहिल्याला जोडून घेतला, पण पाय उलटेच राहिले होते. ते सरळ केले तेव्हा दिवा लागला. तिला आनंद झालाच, पण मला महत्त्वाचा वाटला तो तिचा प्रश्न : ‘‘एका सेलवर का लागत नाही?’’ लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात आणि सेल दीड व्होल्टचा असतो, हे मी त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर तेही वहीत गेले असते.

घरी काय करावे, असे विचारले की पालक हळदीचा कागद साबणाने लाल होतो किंवा ताकाचे विरजण कसे लागते, अशा प्रयोगांची नावे घेतात. ते प्रयोग उत्तमच आहेत, परंतु मुलीच्या वाट्याला फक्त स्वयंपाकघरातले विज्ञान आणि मुलाच्या हाती स्क्रूड्रायव्हर, ही वाटणी मला खटकते. सायकलची चेन बसवणे, पंक्चर काढणे, बंद पडलेली टॉर्च उघडून पाहणे ही कामे तिच्याकडे यावीत, आणि ती बिघडवण्याची मुभाही तिला असावी.

घरात कल्पना चावला यांचे छायाचित्र होते. मुलीचे मत होते, ‘‘त्या वेगळ्याच होत्या.’’ नुसत्या यशाचे चित्र अशा मुलींना आणखी दूर लोटते. म्हणून मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांची अडचण आधी सांगितली. दुर्गा भागवत यांच्या या भगिनीला १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, प्रवेश नाकारला होता. त्यांनी प्रत्यक्ष भेटून आग्रह धरला, पहिले वर्ष चाचणीवर काढण्याची अट सोसली, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मुलीला पदवीपेक्षा त्या चाचणीच्या वर्षाबद्दल अधिक जाणून घ्यायचे होते. त्याहूनही उपयोगी पडली तालुक्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतली एक तरुणी. तिने मुलीला माती चाळायला लावली, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) मोजणारे यंत्र हाताळू दिले आणि आपण बारावीला भौतिकशास्त्रात जेमतेम पास झालो होतो, हेही बोलता बोलता सांगून टाकले.

शाळेतल्या शिक्षिकांनी माझी सूचना मानून गटातली कामे आळीपाळीने द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वेळी वही ज्या मुलाकडे आली त्याने कुरकुर केली, आणि त्याने लिहिलेले कोणालाच वाचता आले नाही म्हणे.

‘‘मग ही सायन्स घेईल का?’’ आईने शेवटच्या भेटीत पुन्हा विचारले. तो निर्णय दोन वर्षांनी, तिने घ्यायचा आहे, असे मी सांगितले. ‘आता अभ्यास सोडून जुना रेडिओ उघडून बसते’, या आईच्या तक्रारीवर माझा सल्ला असा होता : प्लगवर चालणाऱ्या वस्तूंना मोठे कोणी सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही, सेलवर चालणाऱ्या हव्या तेवढ्या उघडाव्यात, आणि स्क्रू ठेवायला तिला एक झाकणाचा डबा द्यावा.