झाडावर चढवण्याआधी माणूस कसा पारखावा

आपण विचारले आहे की बोरिवली-कांदिवलीच्या सोसायट्यांमधील पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी दोन माणसे घ्यायची असून तिघे भेटून गेले आहेत: वसईकडचा एक नारळ उतरवणारा, उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा एक तरुण, आणि एका कंत्राटदाराकडे चेनसॉ चालवलेला तिसरा. यांची मुलाखत कशी घ्यावी, आणि गेल्या वर्षीप्रमाणे माणसे ऐन मे महिन्यात निघून जाऊ नयेत म्हणून काय करावे, असे आपले दोन प्रश्न आहेत.

समोर बसवून केलेल्या बोलण्यातून या कामात फारसे काही कळत नाही. "चढता येते का?" या प्रश्नाला आजवर कोणी "नाही" म्हटलेले मी ऐकलेले नाही. म्हणून बोलणे थोडक्यात आटोपावे आणि अर्ध्या दिवसाचा रोज देऊन माणसाला प्रत्यक्ष कामावर बोलवावे. हा रोज, माणूस घेतला नाही तरी, द्यायलाच हवा. फुकट परीक्षा घेणाऱ्याची बातमी मजुरांच्या नाक्यावर त्याच दिवशी पोहोचते.

त्या अर्ध्या दिवसात कोणालाही वर चढवू नये. मी जमिनीवर दोर, हार्नेस, हेल्मेट आणि हातकरवती मांडून ठेवतो आणि "कामाला लागण्याची तयारी करा" एवढेच सांगतो. दोरांमध्ये एक दोर असा असतो, ज्याचा मधला हातभर भाग घासून फुसफुशीत झालेला आहे. चांगला माणूस दोर उलगडताना तो सबंध हातातून सरकवत नेतो, त्या जागी त्याची बोटे थांबतात आणि तो दोर बाजूला टाकतो. दुसरा माणूस दोराचे वेटोळे तसेच खांद्यावर टाकून झाडाकडे निघतो. एवढ्यावरून मला जे समजते, ते तासभर गप्पा मारून समजत नाही. (परीक्षा संपताच हा दोर कुलपात ठेवावा, तो चुकून कामाच्या दोरांत मिसळला, तर परीक्षा आपलीच होईल.)

त्यानंतर हाताच्या उंचीवरची, मनगटाएवढी जाड फांदी हातकरवतीने कापायला सांगावी. जाणकार माणूस आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून काप देतो, मग त्याच्याही थोडे पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवतो आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून काढतो. ज्याला हे ठाऊक नाही तो सरळ वरून करवत चालवतो, आणि फांदी अर्धी तुटून खोडाची साल ओरबाडत खाली येते. हे न येणे हा दोष नाही, ते दोन दिवसांत शिकवता येते. आपण दाखवल्यावर दुसरी फांदी तो कशी कापतो, हे मात्र अवश्य पाहावे.

बोलण्यात विचारण्यासारखा प्रश्न मला एकच वाटतो. गुलमोहराची फांदी विजेच्या तारेला टेकली आहे, सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे राहून घाई करत आहेत आणि मुकादम जागेवर नाही, तर काय कराल? "लाकडी दांड्याने बाजूला करीन" किंवा "जपून कापीन" असे उत्तर देणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही, कारण ओल्या फांदीतून आणि ओल्या दांड्यातूनही वीज वाहते. "वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय मी चढणार नाही" असे जो मालकाच्या तोंडावर म्हणतो, तो माणूस हवा. नाही म्हणणारा नोकर आपल्याकडे उद्धट ठरतो, पण या धंद्यात तोच टिकतो आणि इतरांनाही टिकवतो. असाच नकार परवानगीच्या बाबतीतही उपयोगी पडतो: 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे खासगी आवारातील झाडालाही महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि "एवढी एक फांदी काढून टाका" हा आग्रह आपल्या माणसाला वारंवार ऐकावा लागणार आहे.

चक्कर, फिट, रक्तदाब, साखर यांविषयी एकांतात विचारावे. चारचौघांत खरे उत्तर मिळत नाही. उपाशीपोटी चढणार नाही हेही कबूल करून घ्यावे, मग उपवास कोणताही असो. वयाचा पुरावा पाहावा, 18 वर्षांखालील मुलाला घेऊ नये आणि पहिल्या दिवसापूर्वी अपघात विमा उतरवावा.

मे महिन्याचा प्रश्न निष्ठेचा नाही. लग्ने, आंबे, शाकारणी आणि मृगापूर्वीची शेतीची तयारी यांसाठी माणूस गावी जाणारच, आणि आपल्या कामाची घाईही नेमकी तेव्हाच असते. म्हणून घेतानाच गावी जाण्याच्या तारखा विचारून लिहून ठेवाव्यात आणि दोघांच्या तारखा एकावर एक येणार नाहीत असे पाहावे. उचल देऊन बांधून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. तो उचलीसकट जातो. मजुरी झाडामागे न देता रोजाने द्यावी, कारण झाडामागे पैसे ठरले की दोर बांधण्यात जाणारा वेळ माणसाला स्वतःचे नुकसान वाटू लागतो.

आता आपल्या तिघांविषयी. नारळ उतरवणाऱ्याची चढाई उत्तमच असणार, परंतु नारळाला फांद्या नसतात. झावळी कापली की ती खाली पडते, एवढाच त्याचा हिशोब असतो. वर्षावृक्षाची आडवी, लांब फांदी तुटताना कोणत्या बाजूला झोका घेईल याचा अंदाज त्याला नसेल, आणि कमरेला दोर बांधणे त्याला अपमानास्पदही वाटू शकेल. रंगकाम करणाऱ्याला झाडाचे काही कळत नसेल, पण वरच्या मजल्यांवर लोंबकळताना दोरावर भिस्त ठेवण्याची आणि तो तपासण्याची सवय बहुधा त्याला झालेली असेल. तिसऱ्याला चेनसॉ जमिनीवर टेकवून, चेनचा ब्रेक लावून सुरू करायला सांगा. तो हवेत झोका देऊन सुरू करत असेल, तर त्याचा अनुभव तुमच्यासाठी ओझे आहे, कारण लागलेली खोड मोडणे हे नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण जाते.

दोराची परीक्षा पार केली तर मी रंगकाम करणाऱ्याला चढण्यासाठी तयार करीन. नारळवाल्याला पहिला महिनाभर खाली, कापलेली फांदी सावकाश उतरवण्याचा दोर धरण्यासाठी ठेवीन. फांदीचे वजन काय असते हे तिथेच हाताला कळते, आणि खाली चालणाऱ्या माणसांना अडवणे हेही त्याच जागेवरचे काम आहे. महिनाभर खाली उभे राहायला तो तयार आहे का, हे मात्र त्याला आजच विचारा.