मांत्रिकाला 'र' म्हणता येत नाही

प्रश्न : ताई, मी एक फॅन्टसी कादंबरी लिहितोय. एक महाबलाढ्य मांत्रिक युद्धात मरतो आणि एका साध्या घरात बाळ म्हणून जन्माला येतो, मागचं सगळं त्याला लख्ख आठवतंय. घरात आईबाबा आणि चार वर्षांनी मोठी बहीण. मागच्या जन्मातले शत्रू माग काढत येतात आणि हा पाळण्यातूनच सगळ्यांना वाचवतो. दहा प्रकरणं झालीयेत (सोबत पाठवतोय). मित्राला वाचायला दिली तर म्हणाला मस्त आहे, पण कुठे भीतीच वाटली नाही. शत्रू अजून ताकदवान करू का?

उत्तर : नको हो! शत्रू वाढवलात की मांत्रिकाची शक्ती वाढवावी लागणार, मग परत शत्रू, मग परत शक्ती, आणि शंभराव्या प्रकरणात दोघं मिळून डोंगर फोडत बसलेत आणि आई बिचारी अजून पहिल्या प्रकरणातलीच अंगाई म्हणतीये. या प्रकारच्या निम्म्या गोष्टी तिथेच गाळात जातात.

दहाही प्रकरणं वाचली. भीतीचं भांडवल तुमच्याकडे आयतं पडलंय आणि तुम्ही त्याला हातच लावलेला नाही, ते म्हणजे बाळाचं शरीर. दुसऱ्या प्रकरणात हा सात दिवसांचा असताना दारात उभ्या माणसाच्या कपाळावरची खूण ओळखतो. कशी काय ओळखली? नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरपर्यंतचं बरं दिसतं, म्हणजे कुशीतून आईचा चेहरा दिसेल एवढंच, पलीकडे सगळा धूसर कारभार. त्यापेक्षा ऐकू दे ना त्याला. कान चांगले चालतात बाळाचे. मागच्या जन्मी ज्याने मारलं त्याचाच आवाज दारातून येतोय, बाबा त्याला आत या म्हणतायत आणि ह्याला मान वळवून बघताही येत नाही, कारण मान धरायलाच तीन-चार महिने जातात. झाली की नाही भीती?

झोपेचंही तसंच. एवढंसं बाळ दिवसातले 14 ते 17 तास झोपतं आणि तुमचा मांत्रिक रात्रभर पहारा देतो म्हणे. एकीकडे शेकडो वर्षांची साधना आणि एकीकडे दूध पिऊन आलेली गुंगी, जिंकणार कोण ते कुठल्याही आईला विचारा. आणि हो, तुमचं बाळ रडतच नाही, सगळे कौतुक करतात काय शहाणं आहे म्हणून. बाळ अजिबात रडत नाही म्हणून खूश झालेली आई मी तरी बघितली नाहीये, ती पहिली घाबरेल. म्हणजे ह्याला घरच्यांपासून लपून राहायचं असेल तर वेळच्यावेळी खणखणीत भोकाड पसरायला शिकावं लागेल, आणि एवढ्या मोठ्या माणसाला ते करताना लाज वाटेल. ती लाज लिहा, मजा येईल.

आता मंत्र. सहाव्या प्रकरणात तो तीन वर्षांचा आहे आणि चार ओळींचा रक्षामंत्र धडाधड म्हणतो. अहो पण बऱ्याच मुलांना त्या वयात 'र' येत नाही, 'र'ला 'ल' म्हणतात, काहींचं तर शाळेत जाईपर्यंत चालतं. म्हणजे बाहेर दार धडधडतंय, हा कोपऱ्यात उभा राहून जीव तोडून "लक्ष, लक्ष" म्हणतोय आणि समोरची दिव्याची वातसुद्धा हलत नाही. सात वर्षांची बहीण, पुढचे दोन दात पडलेली, तिला वाटतं हा घाबरून बडबडतोय, ती म्हणते "हो रे, लक्ष आहे माझं" आणि त्याला पाठीमागे घेऊन स्वतः पुढे उभी राहते. ज्याने मागच्या जन्मी राज्यं राखली त्याला आज एक दात पडकी पोरगी राखतीये. माझ्या मते तुमची गोष्ट इथे आहे. आत्ता तुमच्या कादंबरीत घरचे लोक नुसते वाचवून घ्यायला ठेवलेत, आईने दहा प्रकरणांत एकही निर्णय घेतलेला नाही, मी मोजलं. त्यांनी त्याला वाचवलं तरच त्यांना वाचवायची तगमग खरी वाटेल. मग पुढे कधीतरी बहिणीनेच खेळता खेळता त्याला 'र' शिकवू दे, जीभ वर लाव, अशी, हां. पहिला मंत्र लागू पडायचं श्रेय तिला जाऊ दे आणि तिला ते कधी कळूही नये.

प्रश्न : हे पुनर्जन्म घेतलेले हुशार बाळ वगैरे जपानी फॅड आहे, आपल्या लेखकांनी त्याच्या मागे का लागावं?

उत्तर : फॅड आहे हे खरं. जपानीत याला इसेकाई म्हणजे 'दुसरं जग' म्हणतात, आणि पीक इतकं आलं की 2016 मधे तिथल्या एका कथास्पर्धेत दुसऱ्या जगात जन्म घेण्याच्या गोष्टी पाठवूच नका असा नियम केला होता. पण आईच्या पोटातूनच बापाच्या पाठातली चूक काढणारा अष्टावक्र आपलाच की! महाभारताच्या वनपर्वात आहे. वादात हरलेल्या बापाला जनक राजाच्या दरबारातल्या बंदी नावाच्या पंडिताने पाण्यात बुडवलेलं, हे पोराला कळतं बाराव्या वर्षी, तेही मामाने "हा तुझ्या बापाची मांडी नाही" म्हणून आजोबांच्या मांडीवरून ओढल्यावर. मग हा जनकाच्या दारात जातो तर द्वारपाल अडवतो, लहान मुलांना आत सोडत नाही म्हणून. आधी त्याच्याशीच वाद घालावा लागतो. आत गेल्यावर एकपासून आकड्यांवर वाद चालतो, बंदी तेरावर अडकतो आणि बाप परत येतो. पुनर्जन्म नाहीये इथे, कबूल, पण लहान म्हणून दारातच अडवणं, यासारखी अडचण आजच्या लेखकांना सुचत नाही.

प्रश्न : इंग्रजी 'मेज'ला मराठीत काय लिहू? जादूगार, मांत्रिक, चेटक्या?

उत्तर : जादूगार म्हटलं की टोपीतून कबुतर निघतं, चेटक्या म्हटलं की तो वाईटच वाटतो. मी मांत्रिक वापरते. 'मेज' मात्र तसंच ठेवू नका, वाचक टेबलाचा पुनर्जन्म समजतील.